वांग्याच्या डोक्यातली काजळी

धुळ्याच्या हायवेलगतच्या मंडपात पंडितबाबाने प्रेमराज मास्तरांच्या कानातून जळती नळी काढली, विझवली, चिरली आणि वर धरली. आतली काळी-तपकिरी काजळी पाहून सगळ्या मंडपाने हात जोडले.

"हा ट्रकचा धूर, मायबाप. मेंदूत साचतो, मग माणूस स्वतःचं घर विसरतो. दवाखान्याची गोळी पोटात जाते, माझी नळी थेट मेंदू झाडते."

मास्तर म्हणजे जन्मभर शाळाशाळांतून भोंदूंचे चमत्कार उघडे पाडून टाळ्या मिळवलेला माणूस. पण हल्ली डोकं ठणकायचं, शब्द ओठांवर येऊन परत जायचे. आपले वडील असेच विसरत विसरत गेले, या भीतीने त्यांना पोखरलं होतं. 'आपण फक्त निरीक्षणाला आलोय,' असं मनाला समजावत त्यांनी कान पुढे केला होता. नंतर डोकं हलकं वाटलं. त्यात फारसं काही शिल्लक नसल्यामुळेही असेल. बाबाच्या सांगण्यावरून त्यांनी बीपीची गोळी सोडली आणि घरासाठी दोन नळ्या आणल्या.

रविवारी डॉक्टर लेक हेमांगी जळगावहून भरिताची वांगी घेऊन आली. मास्तर कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळापाशी, धुरातच बसले होते. तिने बीपी मोजलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आप्पा, गोळी का सोडली? अशाने मेंदूची नस फुटते."

"बाबाने नळीतून काढलेली काजळी मी डोळ्यांनी पाहिली, बेटा. मी विज्ञानाचा माणूस."

हेमांगीने घरी आणलेल्या दोनांतली एक नळी वांग्यात खोचली, पेटवली, विझवून चिरली. आत तीच काजळी. ताईबाई, मास्तरांची बायको, वाकून बघत म्हणाली, "हाई वांगं बी हायवेवर ऱ्हातं का, मास्तर?"

"ही नळी म्हणजे मेण लावलेलं कापड आहे," हेमांगी म्हणाली. "अर्धवट जळलेलं मेण खाली साचतं. कान आणि मेंदूच्या मध्ये पडदा आहे, हाड आहे. धूर मेंदूला बाधतो हे मात्र खरं. बारीक कण फुफ्फुसातून रक्तात उतरतात, पक्षाघाताचा आणि विसरण्याचा धोका वाढतो. ते बाहेर ओढणारी कुठलीच नळी नाही. धूर आत जाऊ द्यायचा नाही, एवढंच आपल्या हाती. आधी त्या जाळापासून उठा."

मास्तरांनी गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी ते एक वांगं आणि उरलेली नळी घेऊन मंडपात गेले आणि सगळ्यांदेखत त्याचा मेंदू झाडून दाखवला. बाबा वांग्याच्या पूर्वजन्मावर बोलू लागला, पण लोक हसायला लागले होते.

"पण मास्तर, पहिले तर तुम्हीच बसले होते ना?" कोणीतरी विचारलं.

"बसलो होतो," मास्तर म्हणाले. "घाबरलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाची पदवी कामाला येत नाही. म्हणून सांगतो, डोळ्यांना दिसलं तरी एकदा पडताळून पाहा. तोंडाला मास्क लावा, कचरा जाळू नका, आणि डॉक्टरची गोळी माझ्यासारखी सोडू नका."