एक बेल, दोन बेल

"दाबा आजोबा, दाबा! आता वाजणार म्हणजे वाजणार," स्टुलावर चढलेला वायरमन म्हणाला.

खाटेवरच्या म्हाताऱ्यानं डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. बाहेर व्हरांड्यात ट्रिंग झालं. गेल्या तपासणीनंतर मुकं झालेलं बटण आज बोललं. वृद्धाश्रमात आज खिडक्यांना पडदे आले होते, पाण्याच्या जगांना झाकणं आली होती आणि मॅनेजरबाईंच्या जिभेवर साखर आली होती. नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. इथे एकच असायचा, तोही तपासणीवाले परत गाडीत बसेपर्यंत.

म्हाताऱ्याला सगळे कंडक्टर म्हणत. उभा जन्म बसच्या दोरीशी गेलेला. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. संसारही त्यांनी ह्याच भाषेत केला. कामावर निघताना दारावर दोनदा टकटक करायचे, चहा घेऊन जा असं सांगायचं असलं की आतून बायको ओट्यावर एकदा वाटी आपटायची. "माणसासारखं तोंडानं बोलायला काय होतं हो तुम्हाला?" असंही वर ऐकवायची. मग झटका आला. उजवी बाजू गेली, आणि तोंडात शब्द उरला एकच. "हां." नको म्हणायचं असलं तरी "हां"च बाहेर पडायचं.

ती आता भिंतीपलीकडे होती. उताणं पडून पडून पाठीला जखम झाली, जखम चिघळली, वास सुटला. म्हणून काल तिला खाटेसकट उचलून जुन्या गाद्यांच्या खोलीत नेऊन ठेवलं. दारावर पाटी होती, 'स्टोअर'. सकाळपासून भिंतीवर टकटक येत होती. एकच. जरा वेळानं पुन्हा एकच.

"मलाही ऐकू येतंय हो," कंडक्टरांचं तोंड पुसता पुसता मावशी कुजबुजली. ह्या मजल्यावरच्या सगळ्यांचं ही एकटीच करायची. "त्या तपासणीवाल्या बाईंनी ते दार उघडलं ना, तर आजींना हॉस्पिटलात न्यावंच लागेल. पण मी तोंड उघडलं तर उद्या माझी चूल बंद. तुम्ही बेल मारा. बेल झाली की त्या थांबतीलच."

कंडक्टरांना हे सांगायची गरजच नव्हती. बेल झाली आणि गाडी थांबली नाही, असं त्यांच्या हयातीत घडलं नव्हतं.

तपासणीवाल्या बाई आल्या. बाई काही वाईट नव्हत्या. खाटेशी वाकून त्यांनी विचारलं, "जेवण बरं असतं ना आजोबा?"

"हां."

"काळजी घेतात ना सगळे?"

"हां," म्हणत कंडक्टरांनी जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, आणि डाव्या हातानं भिंत दाखवली.

"मान हलते त्यांची, झटक्यानंतर," मॅनेजरबाई हसत म्हणाल्या. "स्वभाव मात्र गोड हं. कशालाच नाही म्हणत नाहीत."

"पलीकडे काय आहे?"

"स्टोअर. जुन्या गाद्या."

खोटं कुठे होतं त्यात? गाद्या होत्याच. असल्या अर्ध्या खऱ्यासमोर मुक्या माणसानं करायचं तरी काय! बाई वळल्या, दारापर्यंत पोचल्या. कंडक्टरांनी सगळा जीव अंगठ्यात आणला.

ट्रिंग!

बाई थांबल्या. मावशी धावत आत आली. कंडक्टरांचे डोळे भरून आले. थांबली, गाडी थांबली!

बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "वा! बेल चालू, माणूसही लगेच हजर. मागच्या खेपेस बेल वाजूनही कोणी आलं नव्हतं, तुमचे गुण तिथेच गेले होते."

"आजोबांनी आपणहून दाखवलं बघा," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"काय हवंय हो त्यांना?" बाईंनी मावशीला विचारलं.

मावशीनं कंडक्टरांकडे पाहिलं. मग मॅनेजरबाईंकडे. मग फरशीकडे.

"पाणी," ती म्हणाली, आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. पाणी हनुवटीवरून छातीवर सांडलं. कंडक्टरांनी पेला झिडकारला, चाचपडत बटण शोधलं आणि दात खाऊन पुन्हा दाबलं.

ट्रिंग!

अंगठा उचलला आणि त्यांच्या लक्षात आलं. ही दुसरी. डबल बेल.

"पुरे आजोबा, पटलं," बाई हसून म्हणाल्या, आणि निघाल्या. उभ्या जन्मात कंडक्टरांनी चुकीची बेल मारली नव्हती. आज मारली, आणि गाडी चालू लागली. स्टोअरच्या दारावरून पावलं पुढे गेली, ती थेट फाटकाबाहेर.

जेवणं आटोपल्यावर वायरमन पुन्हा स्टुलावर चढला. "राग नका मानू आजोबा. सगळेच दाबत बसले तर मावशीला पाय पुरायचे नाहीत, असं मॅनेजरबाई म्हणतात." त्यानं वायर काढली, गुंडाळली आणि खिशात टाकली. बटण तेवढं खाटेला लटकत राहिलं.

तो गेल्यावर कंडक्टरांनी ते मुकं बटण मुठीत घेतलं आणि त्यानं भिंतीवर ठोकलं. एकदाच. थांब गं. थोडं थांब.

पलीकडून उत्तर आलं. हलकं, पण स्वच्छ. एक टकटक, आणि तिच्यामागून दुसरी.

नको म्हणायला कंडक्टरांनी तोंड उघडलं.

"हां," ते म्हणाले.