गल्लीच्या वर्गातला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना, हातात धरायचा भोंगा आहे. शिंपीणबाईंच्या थोरल्या लेकीला जुळे झाले, त्या वर्षी मी भंगारातून त्यांच्या दुकानात आलो. त्याआधी मी पोलिसांच्या गाडीत होतो. "मागे सरका! रस्ता मोकळा करा!" एवढेच माझ्यातून निघे. ते कानावर पडले की माणसे पळत; पुढचे ऐकायला कोणी थांबत नसे.

बाईंच्या दुकानात रविवारी वर्ग भरे. फी नाही, जाडजूड पुस्तके नाहीत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी बाई धडा मोठ्याने वाचत, आणि कमी ऐकू येणाऱ्या आप्पांसाठी माझ्यातून वाचत. विषय एकच: पोलीस आणि तुरुंग यांच्याशिवाय माणसे एकमेकांना कशी सांभाळतील? आप्पा तुरुंगातले निवृत्त शिपाई. ते दर वेळी म्हणत, "कुलपाशिवाय माणूस सुधारतो होय? काहीतरीच तुमचं!"

"जन्मभर कुलपं लावलीत, आप्पा. किती सुधारले ते सांगा की," बाई म्हणत.

मग एके दिवशी बाईंचे शिलाई मशीन चोरीला गेले. नेले त्यांच्याच धाकट्या दिराने. तो नुकताच तुरुंगातून सुटला होता आणि त्याला कोणी कामावर ठेवत नव्हते. रविवारी तो वर्गाच्या दारात मान खाली घालून उभा राहिला.

"आता बोलवा पोलीस," आप्पा म्हणाले. "दुसरी खेप आहे. लवकर सुटायचा नाही."

"वहिनी…"

"वहिनी म्हणू नकोस मला!" बाई कडाडल्या. मग वर्गाकडे वळल्या. "शिकवायला सोपं असतं हो. मशीन माझं गेलंय."

वर्गाची एक रीत होती. ज्याचे नुकसान झाले, त्याने आधी बोलायचे. कोणीतरी मला बाईंच्या हाती दिले. त्या इतक्या हळू बोलल्या की मी नसतो तर आप्पांना काही कळले नसते.

"मला मशीन हवंय. गिऱ्हाइकांचे कपडे वेळेवर द्यायचेत. आणि कडी वाजली की छातीत धस्स होतं, ते थांबायला हवं. हा आत गेला तर यातलं काय मिळेल मला?"

पोलिसांना कोणी बोलावले नाही.

दिराने मशीन परत आणले. मशीनची मोटार मात्र त्याने विकून टाकली होती. तिची किंमत भरून निघेपर्यंत तो बाईंच्या नजरेसमोर बसून काज-बटणे करत राहिला. दाराला त्याने भक्कम कडी बसवून दिली. बाईंनी त्याला लगेच माफ केले नाही. वर्षभर "दोरा दे", "दार लाव" यापलीकडे त्या बोलल्या नाहीत.

"एकदा जमलं म्हणून काय झालं?" आप्पा म्हणाले. "चला, पुढचा धडा वाचा. जरा जोरात!"

मित्रांनो, आता माझा आवाज घोगरा झाला आहे. मला ओल लागू देऊ नका, सेल वेळेवर बदला. आणि गल्लीत काही बिघडले, तर ज्याला लागले आहे त्याच्या हाती मला आधी द्या.

शिंपीणबाईंचा दीर त्यानंतर अकरा वर्षांनी, हिवाळ्यात, छातीच्या दुखण्याने वारला. आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर. उशाशी वहिनी बसल्या होत्या.