जेरेमीपर्यंतचं टेबल

मंगळवारी सकाळी योलेटच्या स्वयंपाकघरातलं टेबल लांब झालं. अमेरिकेतल्या ब्रॉक्टनच्या भाड्याच्या घरातून ते खिडकीवाटे बाहेर पडलं, समुद्रावरून सरळ गेलं आणि त्याचं दुसरं टोक हैतीत, जेरेमी गावी, तिच्या वडिलांच्या अंगणात टेकलं. सिल्वँ मास्तर तिथे कॉफी पीत बसले होते. त्यांनी टेबलावरून हात फिरवला आणि हाक मारली, "योलेट, पोरीची गणिताची वही सरकव."

अकरा वर्षं बापलेकीची भेट नव्हती. नऊ वर्षांच्या मिर्लँदनं तर आजोबा फोनच्या काचेतच पाहिले होते. योलेट दिवसभर वृद्धाश्रमात चादरी बदलायची आणि घरी आली की लेकीच्या अपूर्णांकांपुढे हात टेकायची. तिनं खिडकीची काच काढून ठेवली, टेबल पुसलं आणि वही सरकवली.

आवाज लगेच पोहोचायचा. वहीला मात्र जायला एक दिवस लागायचा, यायला एक. परत आलेल्या पानांवर मिठाचे कण असायचे आणि लाल शाईत शेरा: 'घाई नको.' महिन्याभरात मिर्लँदला पाढे तोंडपाठ झाले. सातच्या आकड्याच्या पोटातून ती आजोबांसारखी आडवी रेघ मारू लागली.

त्या रेघेवरूनच शाळेचं बोलावणं आलं.

"घरी कोण शिकवतं हिला?" वर्गशिक्षिका मिस डॉनलींनी विचारलं.

"माझे वडील."

"मग शुक्रवारपर्यंत त्यांची या फॉर्मवर सही हवी. माझ्यासमोर. नाहीतर हा अभ्यास हिचा धरता येणार नाही, खालच्या वर्गात बसवावं लागेल."

"ते हैतीत असतात."

"फॉर्मवर तसा रकाना नाही."

योलेटनं वाद घातला नाही. घरी येऊन ती टेबलापाशी उभी राहिली. "पापा, यावरून चालत या. मधे पासपोर्ट विचारणारं कोणी नाही."

"टेबलावर पाय द्यायचा नसतो," मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं मुलांना हेच सांगत आलो. बाईंना घेऊन ये."

गुरुवारी टेबल रुंदही झालं. फ्रिज भिंतीला चिकटला. मायलेकी पाठ भिंतीला लावून उभ्यानंच जेवल्या.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मिस डॉनली आल्या. दारातून त्यांना अंग तिरकं करून आत शिरावं लागलं.

"आठ साते?" पलीकडून मास्तरांनी विचारलं.

मिस डॉनली ताठ उभ्या राहिल्या. "छप्पन्न."

"छान. फॉर्म सरकवा."

"सही माझ्यासमोर व्हायला हवी, सर."

टेबल पुन्हा बोटभर रुंद झालं आणि योलेटच्या पोटाला त्याची कड टेकली. ती शांतपणे म्हणाली, "पापा, त्या मूल नाहीत, मास्तरीण आहेत."

"बाई, बूट काढा," मिर्लँद म्हणाली.

पलीकडून मास्तरांचा आवाज आला, "मोजेसुद्धा."

मिस डॉनलींनी मोजे काढले, घडी करून योलेटच्या हातात दिले आणि फॉर्म छातीशी धरून निघाल्या. खिडकी ओलांडली, रस्ता ओलांडला, मग खाली पाणी लागलं. त्या पेन्सिलीएवढ्या झाल्या, मग स्वल्पविरामाएवढ्या. जेरेमीच्या अंगणात मास्तर उठले, कोट चढवला आणि आपल्या शेजारची खुर्ची मागे ओढली.