चिकटपट्टीखालचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे आणि मी खोटारडा नाही. यातली दुसरी गोष्ट खरे तर आधी सांगायला हवी होती, कारण ती पटवून देण्यातच माझे अर्धे आयुष्य गेले. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा माझा आकार. एका म्हाताऱ्या ट्रकच्या डॅशबोर्डवर, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या खाली मी राहतो. माझ्या काचेवर बॅटरीचे छोटेसे चित्र आहे. लोकांना ते चित्र दिसते आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू होतो.

मी पेटलो की ज्याला त्याला वाटते, बॅटरी गेली. अहो, नीट ऐकून तरी घ्या! इंजिनाशेजारी अल्टरनेटर नावाचे एक यंत्र असते. इंजिन चालू असले की ते वीज तयार करते आणि एका जाड वायरीतून बॅटरीला पोहोचवते. माझे एक टोक बॅटरीकडे बांधलेले, दुसरे अल्टरनेटरकडे. किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू होईपर्यंत मी पेटतोच, ती माझी हजेरी; पुढे दोघांचे देणेघेणे सुरळीत असले की मी विझलेला असतो. त्यात कुठे अडथळा आला की मी पेटतो. भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये बसलेल्या लेकरासारखी माझी गत. दोष कोणाचा, हे मला सांगता येत नाही. काहीतरी बिनसले आहे, एवढेच सांगता येते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेली एक बाई आम्हा सर्व दिव्यांना एकेक सेकंद पेटवून बघायची. मी पेटलो, ती म्हणाली, "हं, चालला." माझ्या शिक्षणाची सुरुवात आणि शेवट तेवढ्यातच झाला. पुढे या ट्रकमध्ये आलो आणि आबांच्या हाती पडलो.

आबा मधमाशा पाळायचे. एका भागातला फुलोरा संपला की मधमाशांच्या पेट्या ट्रकमध्ये चढवायच्या आणि जिथे फुले असतील तिथे न्यायच्या, हे त्यांचे काम. माझ्या तरुणपणी एकदा भर चढावर अल्टरनेटर फिरवणारा इंजिनाचा पट्टा तुटला. मी तत्क्षणी पेटलो आणि आबांनी तत्क्षणी ट्रक थांबवला. त्या दिवशी त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली आणि भेटेल त्याला सांगितले, "हा दिवा म्हणजे आमच्या घरचा माणूस आहे." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षे काढली, मित्रांनो.

नंतर आबा थकले. ट्रक त्यांची मुलगी चालवू लागली. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो. आबा शेजारच्या सीटवर आले, पण ट्रकची देखभाल त्यांनी सोडली नाही. दर रविवारी ते एक गोल डबी घेऊन ट्रकभोवती फिरायचे. डबीत असायचे मधमाशांचे मेण. आबांचा मेणावर भारी विश्वास. दाराची बिजागरी कुरकुरली, लावा मेण. बुटाची शिवण उसवली, लावा मेण. टाचेला भेग पडली, लावा मेण. ताईने काही म्हटले की उत्तर ठरलेले, "मेणाने कधी काही बिघडतं का?"

बिघडते! पण सांगणार कसे?

झाले असे, की बॅटरीच्या वायरींना गंज चढू नये म्हणून आबांनी त्यांच्या टोकांना मेण लावायला सुरुवात केली. तसाच हात फिरवत फिरवत ते अल्टरनेटरमागच्या त्या जाड वायरीपर्यंत पोहोचले. वायरीचे टोक आणि नट यांच्या मधल्या फटीत त्यांनी अंगठ्याने मेण दाबून बसवले. आता वीज काही मेणातून जात नाही. सकाळी गार इंजिनावर ते मेण घट्ट असायचे, वीज अडायची आणि मी पेटायचो. इंजिन तापले की मेण मऊ पडायचे, वायर नटाला टेकायची आणि मी विझायचो. माझी वायर तिथपर्यंत जाते, त्यामुळे मला सगळे कळत होते.

आता मिस्त्रींचे गॅरेज ऐका. घरापासून वीस मिनिटांवर, पुलापलीकडे. आणि इंजिन तापायला लागायची पंधरा मिनिटे. कळली ना माझी शोकांतिका?

"मिस्त्री, हा बघा लाल दिवा," म्हणत ताई गॅरेजमध्ये शिरायची, आणि मी ठार विझलेला.

"कुठं आहे दिवा?" मिस्त्री डोके आत घालून विचारायचे.

"अहो, आत्ता पुलापर्यंत पेटलेला होता!"

"पुलापर्यंत पेटतो आणि मला बघून लाजतो होय?"

मला कपाळ असते तर मी त्यावर हात मारून घेतला असता. हात असता तर.

पहिल्या खेपेला मिस्त्रींनी बॅटरी बदलली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजर. दुसऱ्या खेपेला त्यांनी पट्टा घट्ट केला. मी हजर. तिसऱ्या खेपेला मात्र ते हट्टाला पेटले. अल्टरनेटर उतरवून त्यांनी तो टेबलावर खोलला, आतले झिजलेले ब्रश, म्हणजे वीज वाहून नेणारे कार्बनचे तुकडे, बदलले आणि परत बसवताना सगळी टोके पेट्रोलच्या फडक्याने पुसली. त्या पुसण्यात मेणही गेले. त्यांना वाटले, तेलकट घाण असेल.

पाच दिवस इंजिन सुरू झाल्यावर मी पेटलो नाही. मिस्त्रींचे कौतुक झाले. ब्रशांचे कौतुक झाले. सहाव्या दिवशी रविवार होता. आबा डबी घेऊन आले.

सोमवारी सकाळी मी पुन्हा पेटलो, तेव्हा मिस्त्रींनी निकालच दिला, "ताई, बॅटरी नवी, पट्टा ठीक, अल्टरनेटर खोलून झाला. आता राहिला कोण? दिवाच खराब आहे. काळी चिकटपट्टी लावून टाका."

चोर सोडून संन्याशाला सुळी! ज्या आबांनी मला घरचा माणूस म्हटले होते, त्यांनीच त्या संध्याकाळी पट्टी आणली. आधी ती त्यांनी शेजारच्या ऑइलच्या दिव्यावर चिकटवली. मग पुन्हा काढली आणि बोटांनी चाचपत माझ्यावर लावली. मी इतका संतापलो होतो, की त्या चाचपण्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. दुसऱ्यांना इशारे देणारा मी, पण समोर आलेला इशारा मलाही कळला नाही.

महिनाभर मी पट्टीखाली पेटत आणि विझत राहिलो. ओरडावे तर आवाज नाही, रुसावे तर बघणारे कोणी नाही. रोज सकाळच्या प्रवासात बॅटरी थोडी थोडी उपाशी राहत होती.

मग तो दिवस आला. आमच्या भागातला फुलोरा संपला होता. तीन तासांच्या अंतरावर सूर्यफुलांची शेते फुलली होती. तिथे पोहोचलो नाही, तर माशा उपाशी मरणार होत्या. संध्याकाळी माशा घरी परतल्यावर ताईने पेट्यांची दारे जाळीने बंद केली आणि चाळीस पेट्या ट्रकमध्ये चढवल्या. हा प्रवास ऊन चढण्याआधी संपवावा लागतो. बंद पेटी उन्हात तापली की आतली पोळी वितळतात आणि माशा गुदमरतात. ताईला हे पाठ होते. तिची सगळी कमाई, सगळी मेहनत त्या चाळीस पेट्यांत होती.

आणि आबा? लांबचा प्रवास म्हणून त्यांनी या वेळी खास काळजी घेतली. नट सैल केला, आतपर्यंत मेण भरले आणि नट परत हातानेच फिरवून सोडून दिला. पाना लावलाच नाही.

पहाटे आम्ही निघालो. पुढचे मोठे दिवे चालू, आणि मी पट्टीखाली लालबुंद. इंजिन तापले तरी मी विझलो नाही. पट्टीचा एक कोपरा उचकटला होता. त्या फटीतून मला ताईचा हात आणि आबांचा गुडघा दिसत होता. अरे, बघा ना कोणीतरी, बघा! पालथ्या घड्यावर पाणी.

दोन तासांनी रेल्वे फाटक लागले. ते बंद होते.

"इंजिन बंद कर," आबा म्हणाले. "उगाच डिझेल कशाला जाळायचं?"

ताईने इंजिन बंद केले. गाडी गेली, फाटक उघडले, ताईने किल्ली फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्. मागे हॉर्नचा गोंधळ सुरू झाला.

चार-पाच माणसे ढकलायला धावून आली. "आत काय आहे?" एकाने विचारले.

"मधमाशा," आबा अभिमानाने म्हणाले. "एका पेटीत वीस हजार तरी असतील. पेट्या चाळीस."

प्रत्येकाला अचानक आपापले काम आठवले.

ऊन वर येत होते. सावलीला एक झाड नाही. जाळ्या तिथेच उघडाव्यात, तर माशा रस्त्यावर पसरतील आणि पुन्हा हाती लागणार नाहीत. ताई कॅनमधले प्यायचे पाणी पेट्यांवर शिंपडत होती आणि कान लावून ऐकत होती. "आबा, गुणगुण चढलीय," ती म्हणाली. मग कॅन आबांच्या हाती देऊन ती केबिनमध्ये आली आणि तिने मिस्त्रींना फोन लावला.

"दिवा काय म्हणतोय?" मिस्त्रींनी विचारले.

"दिव्यावर पट्टी आहे, मिस्त्री. तुम्हीच सांगितलं होतं."

मग मिस्त्री म्हणाले, "चुकलं माझं. बिचारा काहीतरी सांगत असणार. ताई, बॉनेट उघडा. अल्टरनेटरमागची जाड वायर आहे ना, तिला हात लावून बघा. हलते का?"

देवा! इतक्या दिवसांनी कोणीतरी मला बिचारा म्हणाले.

ताईने बॉनेट उघडले. थोड्या वेळाने ती सीटखालचा पाना घ्यायला परत आली, तेव्हा तिच्या हातात पिवळ्या मेणाचा एक गोळा होता. फटीतून मलाही तो दिसला. त्यावर अंगठ्याचा ठसा उमटलेला होता आणि ठशातून एक तिरपी रेघ गेलेली होती. पेट्या उघडायचे उलथने लागून आबांच्या अंगठ्यावर पडलेली ती जुनी खूण. ताई गोळ्याकडे बघतच राहिली.

"काही सापडलं का गं?" मागून आबांनी विचारले. ते पेट्यांवर पाणी शिंपडत होते.

"वायर सैल झाली होती, आबा," ताई म्हणाली. "बाकी काही नाही."

दुसरा कोणी असता तर त्याने तो गोळा रस्त्यात फेकून दिला असता. पण माशा पाळणाऱ्यांच्या घरात मेण कोणी फेकत नाही. ताईने सवयीने तो माझ्या खालच्या कप्प्यात ठेवला आणि ती पाना घेऊन गेली. मला राग आला, मित्रांनो. जन्मभर खरे बोलून मी अंधारात बसलो होतो, आणि इथे दिवसाढवळ्या खोटे बोलले जात होते.

ताईने टोक खरवडून पुसले आणि नट पान्याने आवळला. मागच्या टेम्पोवाल्याने डोक्याला टॉवेल गुंडाळून, हात लांब करून, बॅटरी जोडायच्या वायरी दिल्या. इंजिन सुरू झाले आणि मी विझलो. ताईने मग शेत येईपर्यंत इंजिन बंद केले नाही.

सूर्यफुलांत पेट्या उतरवल्या, जाळ्या काढल्या. अडतीस पेट्यांतून माशा बाहेर पडल्या. उन्हाच्या बाजूच्या दोन पेट्या गप्प होत्या.

"आबा, अडतीस वाचल्या," ताई म्हणाली.

"दोन गेल्या," आबा म्हणाले. ते बराच वेळ त्या दोन पेट्यांपाशी बसून राहिले.

मग ते दमून केबिनमध्ये आले आणि डबीसाठी त्यांनी कप्प्यात हात घातला. हाताला गोळा लागला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरलाच नाही. नुसता अंगठा फिरवला. अंगठा ठशात जाऊन बसला, अगदी रेघेला रेघ लागून.

"पोरी," त्यांनी हाक मारली. "वायर सैल होती म्हणालीस."

"होतीच ना. नट सैल होता."

"आणि हे?"

ताई त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"मला जवळचं दिसत नाही गं," आबा म्हणाले. "वर्ष होऊन गेलं. नट हाताने शोधतो, पाना बसला की नाही ते कळत नाही. सांगितलं असतं तर तू मला कशाला हात लावू दिला नसतास."

"दिला असता," ताई रडत म्हणाली. "आधी चष्मा लावला असता, मग दिला असता."

आबांनी पट्टी काढायला हात पुढे केला. बोटे आधी ऑइलच्या दिव्यावर गेली, मग चाचपत माझ्याकडे आली. या वेळी मी चिडलो नाही. त्यांनी पट्टी सोलली आणि माझी काच त्याच अंगठ्याने पुसली.

मित्रांनो, माझे सांगणे एवढेच. जो मधूनच पेटतो आणि मधूनच विझतो, त्याला खोटा ठरवण्याची घाई करू नका. तुमच्या घरातही असा कोणी असेल, जो त्रास होताना गप्प बसतो आणि विचारायला गेलात की "काही नाही" म्हणतो. त्याच्यावर पट्टी लावू नका. त्याच्यापाशी गार सकाळी जाऊन बसा.

आबांना आता चष्मा आहे, पण तो ते निम्म्या वेळा घरीच विसरतात. म्हणून रोज सकाळी ताई किल्ली फिरवते आणि आबा शेजारून विचारतात, "पेटला का?"

"पेटला, आबा."

इंजिन सुरू होते. "विझला का?"

"विझला."

मगच आमचा ट्रक हलतो.