न्यूझीलंडची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. माझ्या अंगावर काळ्या अक्षरांत ‘न्यूझीलंड’ लिहिलंय, म्हणून हसू नका हं! पॅरिसमध्ये श्रीमंत, कारखानदार देश एकत्र बसून व्यापाराचे नियम ठरवतात, त्या सभागृहात माझा सारा जन्म गेला. तळघरातल्या ल्यूसियाँ सुताराने मला घडवलं आणि म्हणाला, "जा बाई, मोठ्या लोकांत बस. पण शेफारू नकोस."

माझं काम सोपं होतं. एरवी आडवं पडायचं. माझ्या देशाला बोलायचं असेल, विरोध करायचा असेल, तर उभं राहायचं. आमच्याकडे मतदान नसतं. सगळ्यांचं जुळलं तरच नियम होतो. शेवटी एकही पाटी उभी दिसली, की गाडं अडलंच. एवढीशी मी, पण मान केवढा!

देश वर्णक्रमाने बसायचे, म्हणून नॉर्वे माझा शेजारी. तिथे त्या देशातर्फे सोल्वेग हाउगे बसायची आणि माझ्यामागे आमचा प्रतिनिधी हेमिश टॅरंट. ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी पोलादी चौकट असावी आणि एका देशाने तपासलेली चौकट इतरांनी मानावी, एवढाच नियम सोल्वेगला हवा होता. तिचे वडील उतारावर उलटलेल्या ट्रॅक्टरखाली गेले होते. हेमिशला मात्र सरकारचा हुकूम होता, की खर्च वाढतो, विरोध करा. दर सभेला मी उभी! मला फार लाज वाटायची, पण पाटीला विचारतो कोण?

एका सकाळी अध्यक्षांनी सांगून टाकलं, "आज जुळलं नाही, तर हा विषय कायमचा बंद."

जेवायच्या सुट्टीत सोल्वेगने जागेवरच डबा उघडला.

"हेमिश, तुझ्या भावाची मेंढरं डोंगरावरच आहेत ना? तो ट्रॅक्टर चालवत नाही?"

"जेवू दे ना गं बाई."

"जेव की. बाबांचंही ताट त्या दिवशी वाढून ठेवलं होतं."

हेमिश उठून गेला. तो फोन करायला गेला होता, हे मागाहून कळलं. तिकडे मध्यरात्र. झोपमोड झालेल्या मंत्र्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण पठ्ठ्या होकार घेऊनच परतला. सोल्वेगला चकित करायचं म्हणून बोलला मात्र काही नाही. खुशीत कॉफी आणि लोण्याचा पाव घेऊन बसला. टेबलावर कागदच कागद. जागा करायला त्याने मला उचललं आणि सवयीने उभंच ठेवलं. अरे देवा!

"न्यूझीलंडचा विरोध कायम दिसतो," सभा पुन्हा भरताच अध्यक्षांनी हातोडी उचलली. "तर हा विषय..."

सोल्वेगचा चेहरा पडला. तिची नजर माझ्यावरून त्याच्या हसऱ्या, भरल्या तोंडाकडे गेली आणि तिला उमगलं, की हा विरोध नाही, वेंधळेपणा आहे. तिचा हात माझ्याकडे आला, पण मध्येच थांबला. दुसऱ्या देशाच्या पाटीला हात लावायचा नाही, ही आमची रीत.

"हेमिश! अरे, पाटी! पाटी!"

"काय झालं पाटीला?"

"उभी आहे, मेल्या!"

त्याने मला धाडकन आडवं केलं. सगळी कॉफी माझ्या अंगावर!

"अध्यक्ष महाराज, विरोध नाही हो! ती कॉफीला जागा म्हणून उभी होती!"

सभागृह खो खो हसलं. हातोडी पडली, नियम झाला. सोल्वेगने रडत रडत त्याला "गाढवा" म्हटलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

पुढे बोलण्यासाठी बटणं आली आणि मला काचेच्या कपाटात उभं करून ठेवलं. कुणी ढुंकून बघेना. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

गेल्या हिवाळ्यात पांढऱ्या केसांची सोल्वेग आली. तिच्या भाच्याचा ट्रॅक्टर त्याच उतारावर उलटला होता. पोरगा चौकटीतून रांगत बाहेर आला, घरी गेला आणि वाढलेलं ताट जेवला. हे मला सांगून तिने कपाट उघडलं, आयुष्यात पहिल्यांदा मला हात लावला आणि आडवं ठेवलं.

"पड गं आता," ती म्हणाली.

शिपाई रोज सकाळी मला पुन्हा उभं करतो. मित्रांनो, कधी इकडे आलात, तर माझा कॉफीचा डाग पुसू नका. मला फक्त आडवं करून जा.