फ्रेममध्ये मावेल तेवढं

बाबांनी फोन उजव्या हातात घेतला आणि भिंतीवरच्या किमतींच्या फलकावर रोखला. पडद्यावर अक्षरं ठाम उभी राहिली. त्यांनी हात डावीकडे नेला, उजवीकडे आणला. चित्र सावकाश सरकलं, पण थरथरलं नाही.

"काका, हा फोन घेऊन घोड्यावर बसलात ना, तरी चित्र हलायचं नाही," विक्रेता म्हणाला.

"घोडा वर फुकट देता का?"

विक्रेता हसला. बाबाही हसले. बऱ्याच महिन्यांत ते इतके मोकळे हसले नव्हते, हे काउंटरच्या टोकाला हाताची घडी घालून उभ्या असलेल्या लेकीच्या लक्षात आलं.

"हाच घेऊ," ते तिला म्हणाले. "कंप काढून टाकायची सोय आहे यात."

"कॅमेरेही बघू या ना, बाबा. घाई काय आहे?"

घाई होती. वकीलसाहेबांची चाळीस जुनी खिशातली घड्याळं सोमवारी बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात यायची होती. असं काम आयुष्यात एकदाच येतं. अट एवढीच होती की प्रत्येक घड्याळ उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा व्हिडिओ रोजच्या रोज पाठवायचा, आणि हात मास्तरांचेच, म्हणजे बाबांचेच, हवेत. शिकाऊ हातात आपली घड्याळं द्यायची नाहीत, असं वकीलसाहेबांनी बजावलं होतं. शिकाऊ म्हणजे ती. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती बाबांच्या टेबलाशी बसली, त्याला अकरा वर्षं झाली होती.

गेले आठ महिने बाबा दुपारी जेवायला वर गेले की ती त्यांनी बंद केलेली घड्याळं पुन्हा उघडत होती. आतली केसाएवढी बारीक कमान वाकलेली असायची, स्क्रूच्या माथ्यावर ओरखडे असायचे. ती सगळं नीट करून झाकण लावायची. संध्याकाळी गिऱ्हाईक बाबांच्या हाताचं कौतुक करून जायचं.

फोनमधली ती सोय फोन धरणाऱ्या हाताचा कंप काढते, समोर दिसणाऱ्या हाताचा नाही. हे एक वाक्य तिला घरीच सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, "तू फार शहाणी." पडद्यावर दिसलं की मात्र नाकारता येणार नव्हतं. मग वकीलसाहेबांना खरं सांगावंच लागेल, आणि ती चाळीस घड्याळं तिच्या नावाने होतील.

"आपल्याला टेबलावरच्या कामाचं शूटिंग करायचंय ना, मग तसंच करून बघू," ती म्हणाली. तिने पर्समधून पांढरा रुमाल काढून काउंटरवर पसरला. त्यावर चिमटा ठेवला आणि डबीतून एक स्क्रू काढून ठेवला. स्क्रू एवढा बारीक होता की विक्रेत्याला वाकून पाहावं लागलं.

बाबांनी चिमट्याकडे पाहिलं. तो त्यांच्याच खणातला होता.

"तयारीनिशी आलीस."

"तुम्हीच शिकवलंत, हत्याराशिवाय घराबाहेर पडायचं नाही."

विक्रेत्याने फोन स्टँडवर लावून मोठ्या टीव्हीला जोडला.

"स्लो मोशन आहे का?" तिने विचारलं.

"आहे की, ताई. आठ पट. एका सेकंदाचे आठ होतात."

"तेच लावा."

बाबांनी चिमटा उचलला. पहिल्यांदा स्क्रू निसटला. दुसऱ्यांदा सापडला. त्यांनी तो वर उचलून धरला, श्वास रोखला आणि मानेनेच 'झालं' अशी खूण केली.

टीव्हीवर त्यांचं बोट मनगटाएवढं जाड दिसत होतं. चिमट्याचं टोक डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, पुन्हा डावीकडे गेलं. शेजारी हेडफोन बघत असलेला माणूस मान वळवून पाहू लागला.

"थोडं हललंय, काका," विक्रेता म्हणाला. "परत घेऊ या?"

"नको," ती म्हणाली. "तेच पुन्हा लावा."

त्याने लावलं.

"अजून एकदा."

विक्रेता तिच्याकडे पाहत राहिला. मग खाली मान घालून त्याने बटण दाबलं.

बाबा टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. आता ते काही बोलतील म्हणून ती दोन पावलं पुढे गेली. तेव्हा तिला दिसलं, त्यांची नजर एकदा पडद्यावर आणि एकदा स्वतःच्या मनगटावरच्या सेकंदकाट्यावर जात होती. ते मोजत होते.

"आठ सेकंदांत दहा हेलकावे," ते म्हणाले. "म्हणजे खऱ्या एका सेकंदात दहा. तासाला छत्तीस हजार." ते वळले. "एवढ्या जलद चालणारं घड्याळ आपल्याकडे वर्षातून एखादंच येतं."

कुणी हसलं नाही. तिने घरून वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं पहिलं तिने उचललं.

"बाबा, मग वकीलसाहेबांना—"

"तो छोटा कॅमेरा दाखवा हो," बाबा विक्रेत्याला म्हणाले. "किती जवळून घेतो?"

"एक सेंटिमीटर. या फोनला ते जमत नाही. पण मग फ्रेममध्ये फारसं मावत नाही, काका."

"काय मावतं?"

"बोटांची टोकं. चिमट्याचं टोक."

"मनगट?"

"छे."

"बांगडी?"

विक्रेत्याने तिच्या हाताकडे पाहिलं. "बांगडी कुठून दिसणार, काका."

"इकडे ये," बाबा म्हणाले.

ती गेली. त्यांनी तिचा हात धरून दिव्याखाली उलटसुलट केला, दुरुस्तीला आलेला नग तपासावा तसा.

"नखं आणखी काप. बोटांना रबरी टोप्या घाल, म्हणजे कातडीचं वय कळत नाही. आणि मध्ये बोलायचं नाही. आवाज जातो."

"मी तुमच्या नावाने हे करणार नाही."

"आठ महिने माझ्याच नावाने करतेयस." त्यांनी आवाज मुळीच चढवला नाही. "जेवून खाली आलो की माझं डोळ्याचं भिंग कोमट असायचं."

तिने दिव्याखालून हात काढून घेतला.

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला? काम चांगलं होत होतं."

त्यांनी स्वतःचा फोन काढून नंबर लावला आणि कानाशी धरला. डावा हात खिशात घातला. विक्रेत्याने कॅमेरा स्टँडवर बसवला, रुमाल स्क्रूसकट त्याच्याखाली सरकवला आणि अदबीने चिमटा तिच्यापुढे केला.

"नमस्कार, वकीलसाहेब. हो, कॅमेराच घेतोय आत्ता. मीच करणार, दुसरं कोण?... लेक? आहे ना मदतीला. झाडलोट करते, डबे लावते." त्यांनी फोनवर तळवा ठेवला आणि तिच्याकडे वळले. "उचल. हलू नकोस."

तिने स्क्रू उचलला. तो एका झटक्यात आला. अकरा वर्षांत हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं.

टीव्हीवर दोन बोटांची टोकं आली, त्यांच्या मध्ये चिमटा, आणि चिमट्यात स्क्रू. माथ्यावरची खाच रस्त्यासारखी रुंद आणि सरळ दिसत होती. चित्र थांबवलेलं आहे की चालू आहे, ते कळत नव्हतं.

हेडफोन बघणारा माणूस जवळ आला.

"आता कसं झकास आलं, काका," तो बाबांना म्हणाला. "मघाचा तो फोनच बिघडलेला असणार."

"असणार," बाबा म्हणाले आणि फोन पुन्हा कानाला लावला.

ती स्क्रू धरून उभी राहिली.