हळदीचं बोट

मिरजगावात मार्तंड सरांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि त्यांनी अंधश्रद्धेवरून झापलं नाही असा सापडणं त्याहून कठीण. जन्म भिक्षुकाच्या घरातला, नोकरी विज्ञानशिक्षकाची. त्यामुळे देवाधर्माशी त्यांचं भांडण अगदी घरगुती होतं. निवृत्तीनंतर समोर वर्ग उरला नाही, तेव्हा ते स्वतःलाच ऐकवू लागले. हा श्रोता त्यांना फार आवडायचा.

त्यांची जुनी विद्यार्थिनी भार्गवी युक्रेनमध्ये डॉक्टर व्हायला गेली होती. युद्ध पेटल्यावर जीव मुठीत धरून परत आली, शिक्षण दुसरीकडे पुरं केलं, आणि सगळे नको नको म्हणत असताना पुन्हा तिकडेच गेली. आईबाप गमावलेल्या मुलांच्या एका वसतिगृहात. यंदा थंडीच्या तोंडावर तिचा फोन आला. बॉम्ब पडून वीज गेली की खोल्या गरम करणारी यंत्रणाही बंद पडते, मुलं तळघरात बूट घालूनच झोपतात. पुण्याची एक मदतसंस्था तिकडे खोकी पाठवते, तर गावाकडून हातानं विणलेले जाड स्वेटर मिळतील का, असं ती विचारत होती.

सरांनी विडा उचलला. निदान त्यांचा समज तसा होता. प्रत्यक्षात शेजारच्या रतनबाईंनी मळ्यातल्या बायका गोळा केल्या, सुया वाटल्या, न येणाऱ्यांना शिकवलं. सरांनी लोकरीत हवा कशी अडकते यावर व्याख्यान दिलं. तळघरातल्या अंधारात मुलं दिसावीत म्हणून लोकर पांढरीच घ्यायची, हा हुकूमही त्यांचाच. स्वतः त्यांनी मोबाईलवर बघून एक स्वेटर विणला. त्याची एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब झाली. मुलं वाढतात, असा त्यांनी खुलासा केला. मुलांचे दोन्ही हात सारखेच वाढतात, हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर खुलासा गावभर झाला होता.

स्वेटर तयार झाले त्या दिवशी रतनबाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आल्या. नवं कापड अंगाला लागण्याआधी त्याला हळदीकुंकवाचं बोट लावतात, एवढंच त्यांचं म्हणणं. सरांनी हात आडवा धरला. थंडीशी लोकर लढणार आहे, हळद नव्हे, हे त्यांनी सगळ्या बायकांसमोर सविस्तर समजावलं. रतनबाई निमूटपणे कोयरी घेऊन परत गेल्या आणि सरांना एक मोठी सामाजिक सुधारणा केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या पत्नी सुचित्राबाई बाजाराला गेल्या होत्या. सर एकटेच खोकं भरत होते. तेवढ्यात भार्गवीचा आवाजी निरोप आला. दारिना नावाची सहा वर्षांची मुलगी आहे, तळघरात तिला ऊब पुरत नाही, खोकला हटत नाही. तिला स्वेटरांचा फोटो दाखवलाय, तर रोज विचारते, कधी येणार. मागे हल्ल्याचा भोंगा वाजायला लागला आणि निरोप मधेच तुटला.

सरांनी फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. मग ते खोक्यापाशी खाली बसले. उष्णतेचा एकही नियम त्यांच्या मदतीला येईना. त्यांना भीती वाटत होती, लहान पोराला वाटते तशी साधी. सुचित्राबाईंच्या देवघरातला करंडा हातात कधी आला ते त्यांनाही कळलं नाही; भान आलं तेव्हा ते एकेक स्वेटर उलटा करून, छातीच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसू नये असं, हळदीकुंकवाचं बोट दाबत होते. शेवटचा स्वेटर झाला आणि भार्गवीचा 'सगळे सुखरूप' असा निरोप आला. सरांनी खोक्याला चिकटपट्टी मारली आणि असं काही घडलंच नाही, असं ठरवून टाकलं.

खोकं पुण्याहून परत आलं. आत लाल-पिवळी पावडर सापडली, असल्या खोक्यापायी विमानतळावर सगळा माल अडकून पडतो, असं संस्थेच्या माणसानं सांगितलं. या हिवाळ्यातली शेवटची खेप येत्या आठवड्यात निघणार होती. तोवर स्वेटर स्वच्छ होऊन आले नाहीत, तर मुलांना ते मिळणार वसंत ऋतूत.

सरांच्या ओसरीवर बायका जमल्या आणि सगळ्यांच्या नजरा रतनबाईंकडे वळल्या.

"मी न्हाई लावलं," रतनबाई म्हणाल्या. "सर नगं म्हनले, मग मी कशाला लावीन?"

कुणाला पटलं नाही. गप्प राहणं किती सोपं आहे, हे सरांना त्या क्षणी कळलं, आणि स्वतःची लाज वाटली.

"मी लावलंय," ते म्हणाले.

त्याचा परिणाम भलताच झाला. रतनबाईंना पाठीशी घालायला सर खोटं बोलताहेत, केवढं मोठं मन, असं बायका एकमेकींना सांगू लागल्या. आयुष्यात पहिल्यांदाच सरांना फुकटची वाहवा नकोशी झाली. त्यांनी एक स्वेटर उलटा केला आणि त्या ठशावर आपलं जाडजूड बोट ठेवलं. ते बरोबर बसलं.

"भ्या वाटलं व्हय, सर?" रतनबाईंनी हळूच विचारलं.

"व्हय," सर म्हणाले.

धुण्याचं काम त्यांनी हट्टानं स्वतःकडे घेतलं. परसात टप मांडला, कपड्यांचा साबण घेतला आणि डाग खसाखसा चोळले. पिवळे डाग लालभडक झाले. हळदीच्या कागदावर साबण लावला की तो लाल होतो, हा प्रयोग त्यांनी जन्मभर पोरांना करून दाखवला होता, न जमणाऱ्यांना बाकावर उभं केलं होतं. आता बाकावर उभं राहायची पाळी त्यांची होती. पण त्यांना हसू आलं नाही. दोरीवर पांढऱ्या स्वेटरांची ओळ होती, आणि प्रत्येकाच्या छातीवर तांबडा डाग. ते त्यांना बघवेना. ते तोंड फिरवून पायरीवर बसून राहिले.

मग उठून त्यांनी लिंबं पिळली. आंबट लागताच लाल उतरून पुन्हा पिवळं झालं; कुंकूही हळदीचंच केलेलं होतं. पुढे रोज ते सावली सरकेल तसे गच्चीवर स्वेटर सरकवत बसले, कारण हळद उन्हानं उडते. पावडर पार गेली, रंगही विरला. नीट पाहिलं तरच दिसेल एवढी फिकट पिवळी खूण तेवढी राहिली. खोकं शेवटच्या खेपेत गेलं.

जानेवारीत भार्गवीनं व्हिडिओ कॉल केला. सरांशेजारी सुचित्राबाई आणि रतनबाई दाटीवाटीनं बसल्या. पडद्यावर दारिना होती, तो वेड्यावाकड्या बाहीचा स्वेटर घातलेली, आणि तोही उलटा. सर लगेच तो कसा घालायचा ते सांगू लागले.

"सर, मुद्दाम उलटा घालते ती," भार्गवी म्हणाली. "आतली पिवळी खूण तिनं शोधून काढली. म्हणते, इथं कुणीतरी बोट ठेवलंय. भोंगा वाजला की लांब बाहीत एक हात लपवते आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या खुणेवर ठेवून बसते. मला विचारते, हे कुणाचं?"

डाग पूर्ण का निघाला नाही, याचं शास्त्रीय कारण सरांच्या अगदी जिभेवर होतं. ते त्यांनी गिळलं.

"सांग तिला, माझं," ते म्हणाले. "आणि हेही सांग, की ते ठेवताना मी तिच्याइतकाच घाबरलो होतो."